चौपन्न वर्षांचा खोडवा



या अंकासाठी खोडवा व्यवस्थापनावर चार पाने लिहून द्यावीत, असे संपादक मंडळाने मला सांगितले होते. बुडखे छाटणे, पाचट कुजवणे, पहारीने खत देणे हे सारे मुद्दे मी काढूनही ठेवले होते. परंतु मध्यंतरी वर्ध्याला जाण्याचा योग आला. तिथे एका रात्री जे पाहिले ते सांगितल्याखेरीज माझ्याने दुसरे काही लिहवेना. तोही एक प्रकारे खोडवाच होता, हे पुढे येईलच. उसाच्या खोडव्याचा लेख पुढील अंकी देण्याचे मी संपादकांना कबूल केले आहे.

वर्ध्याहून आर्वीकडे निघाले की शहराला लागूनच पिपरी मेघे लागते. सिंदी मेघे, सावंगी मेघे, बोरगाव मेघे, पिपरी मेघे ही सगळी मेघे नावाची भावंडे आता शहराला चिकटली आहेत. गाव म्हणायचे ते सवयीने. जिथे कडब्याच्या गंजी असायच्या तिथे आज दुमजली घरे आणि मोबाईलची दुकाने आहेत. माझी आत्या या गावात दिली आहे. १९७० साली तिचे लग्न झाले, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. मागील वर्षी, म्हणजे २०२५ च्या ऑगस्टात, तिच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. भेटायला जातो जातो म्हणता अनंत चतुर्दशी उजाडली. गणपती बोळवून मी यवतमाळ, कळंब, देवळी असे करत दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात उतरलो. तो रविवार होता, ७ सप्टेंबर, भाद्रपद पौर्णिमा. त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण होते.

घरात शिरलो तर सगळे गप्प. आत्या एका खोलीत, तिची नातसून दुसऱ्या खोलीत. नातसुनेला पाचवा महिना. मुलगी शिकलेली, शाळेत विज्ञान शिकवते. तिने सकाळी चहा घेताना सहज म्हटले होते, "आजी, आज आपण ग्रहण पाहू." तेवढ्यावरून घरात हे असे झाले होते.

आत्याचा स्वभाव तसा कटकटी नव्हे. घरात सून आली, नातसून आली, कुणाला तिने कधी टोचून बोललेले मी ऐकले नाही. मग आजच काय झाले? कारण मला ठाऊक होते. आमच्या घरातल्या सगळ्यांनाच ठाऊक होते. पण त्यावर कुणी बोलत नसे.

१९७१ च्या ऑगस्टची ६ तारीख. राखी पौर्णिमा. आत्या पहिलटकरीण, सातवा लागलेला. त्या रात्रीही खग्रास चंद्रग्रहण होते. मध्यरात्रीच्या आधी लागले आणि पहाटे तीनच्या सुमारास सुटले. आमचे मामाजी, म्हणजे आत्याचे यजमान, परगावी गेलेले. सासू अंथरुणाला खिळलेली. ग्रहण लागलेले असताना गोठ्यात गाय व्यायला झाली. आत्या बाहेर गेली, आणि बाहेर असताना तिने हातात विळा धरून काही कापले. एवढेच सर्वांना माहीत. पुढे कार्तिकी पुनवेनंतर आठएक दिवसांनी मुलगा झाला, तर त्याचा वरचा ओठ फाटलेला. त्याला दूध ओढता येईना. कापसाची वात भिजवून, थेंब थेंब पाजून तिने तो जगवला. तो माझा आतेभाऊ. सगळ्या गावाने निदान करून टाकले: गरोदर बाईने गिराणात कापले, पोराचा ओठ कापला गेला. पोराचे नावच 'गिराण्या' पडले. तेराव्या वर्षी नागपूरला त्याच्या ओठावर शस्त्रक्रिया झाली. मिशा फुटल्या तशी खूण झाकली गेली. नाव मात्र झाकले गेले नाही. आज तो पन्नाशी उलटलेला, स्वतःची बोलेरो चालवणारा माणूस आहे आणि जुनी मंडळी अजून त्याला त्याच नावाने हाक मारतात.

दुपारी १२ वाजून ५७ मिनिटांनी वेध लागणार, म्हणून त्याआधी जेवणे उरकली. दुधावर, पाण्यावर तुळशीपत्रे पडली. मी, भाऊ आणि नातसून असे ओसरीवर बसलो होतो. नातसून वहीत काही आकडे मांडत होती. मला म्हणाली, "काकाजी, आजचं ग्रहण आणि आजीचं ते एकाहत्तरचं, हे दोन्ही एकाच वेलावरचे आहेत."

मला वाटले पोरगी थट्टा करते. पण तिने जे समजावले ते उसाच्या माणसाला पटकन कळण्यासारखे आहे, म्हणून इथे देतो. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र यांची एखादी मांडणी १८ वर्षे, ११ दिवस आणि साधारण ८ तासांनी पुन्हा तशीच जुळून येते. म्हणजे एका ग्रहणाच्या बुडख्यातून तेवढ्या काळाने दुसरे फुटते, त्यातून तिसरे. शेकडो वर्षांपूर्वीच्या एका लागणीचे हे खोडवे चालत येतात. आता त्यातले आठ तास महत्त्वाचे. तेवढ्या वेळात पृथ्वी एक तृतीयांश फिरते, त्यामुळे पुढचा खोडवा आपल्या शेतात उगवत नाही. तिसऱ्याच मुलखात उगवतो. १९७१ च्या ग्रहणाचे पुढचे १७ ऑगस्ट १९८९ ला आले, तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेआठ वाजले होते, चंद्र केव्हाच मावळला होता. त्यापुढचे २८ ऑगस्ट २००७ ला, आपल्या दुपारी चारला. तीन वेळा आठ तास म्हणजे चोवीस तास झाले की स्वारी पुन्हा आपल्या डोक्यावर. चौपन्न वर्षे आणि एक महिना! पिपरीच्या आभाळात त्या रात्री जे आले होते तेच घराणे आज परत येत होते.

आणखी एक गंमत. खोडवा जसा दरवेळी थोडा उतरत जातो तसेच हे. एकाहत्तरला चंद्र ९९ मिनिटे पूर्ण झाकला गेला होता, एकोणनव्वदला ९६, दोन हजार सातला ९०, आणि या वेळी ८२. मी हिशेब ऐकून म्हटले, "उतार बरा आहे, आमच्या खोडव्यापेक्षा बरा!"

आत्या दाराशी केव्हा येऊन उभी राहिली कळले नाही. ती म्हणाली, "तेच होये का मंग हे?"

"हो आजी, त्याच्याच वंशातलं."

"मंग तं तू बिलकुल बाहेर नको पडू. एकडाव घेऊन गेलं ना ते माह्या घरचं."

नातसून उठून तिच्याजवळ गेली. तिने आत्याला वाद घालून काही सांगितले नाही, याचे मला कौतुक वाटले. तिने फक्त विचारले, बाबांचा जन्म कधीचा, पूर्ण दिवसांचा का, ग्रहणाच्या रात्री कितवा महिना होता. आणि मग हळूच सांगितले, की पोटातल्या बाळाचा ओठ दोन्ही बाजूंनी वाढत येऊन मध्ये जुळतो, आणि हे काम सातव्या आठवड्यापर्यंत संपलेले असते. बाई गरोदर आहे हे धड कळते न कळते तोवर ओठ झालेला असतो. म्हणजे एकाहत्तर साली जे काही व्हायचे राहिले ते होळीपासून पाडव्याच्या आगेमागेच राहिले. राखीच्या रात्री, सातव्या महिन्यात, बाळाचा ओठ जसा होता तसाच होता. विळ्याने त्यात काही झाले नाही.

आत्या खाली बसली. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पाडव्याले तं मले मालूमबी नोतं का दिवस गेले."

"तेच तर."

"मंग साऱ्यायनं मले काऊन म्हनलं?"

भाऊ उठून गाडी पुसायला गेला. मला काही सुचले नाही.

इथे सभासद बंधूंसाठी थोडे विषयांतर करतो. जगात साधारण सातशे मुलांमागे एक मूल असे जन्मते. घराण्यातला दोष, काही औषधे, आईचा मधुमेह, विडी-सिगारेटचा धूर, पोषणातली उणीव, अशी कारणे डॉक्टर सांगतात. पुष्कळदा नेमके एक कारण सापडतही नाही. गरोदरपणाच्या आधीपासून फॉलिक आम्लाच्या गोळ्या द्याव्यात असे सांगतात ते यासारख्याच व्यंगांसाठी. ओठाची शस्त्रक्रिया आता मूल तीन ते सहा महिन्यांचे असतानाच करतात, टाळूची त्यानंतर. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे व्यंग धरलेले आहे, तेव्हा अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी. तोडणीला येणाऱ्या टोळ्यांत असे मूल दिसले तर आपणही सांगावे. आमच्या भावाने तेरा वर्षे वाट पाहिली. असो.

रात्री नऊला आभाळात ढगांचे पुंजके होते, मधूनमधून चंद्र दिसे. ग्रहण काही छपरावरूनही दिसले असते. पण नातसून छपरावर उभी राहिली असती तर समोरच्या चार घरांनी पाहिले असते आणि मूल होईपर्यंत चर्चा चालली असती. म्हणून भावानेच तोड काढली. आंजीच्या पुढे त्याने ठेक्याने केलेले शेत आहे, तिथे जाऊ. आम्ही बोलेरोत बसलो: भाऊ, त्याचा मुलगा, नातसून आणि मी. गाडी चालू केली तोच आत्या पदर खोचून बाहेर आली.

"मी बी येतो."

"आई, तुह्या डोयाचं आपरेशन झालं, धूळ जाईन," भाऊ म्हणाला.

"डोया कायले केला मंग नवा?"

तिने अटी घातल्या. गाडीत सुरी-कात्री नको. नातसुनेने शाल पांघरायची. आणि तुळशीची पाने तिने नातसुनेच्या पदराच्या टोकाला स्वतःच्या हाताने बांधली. नातसुनेने मुकाट्याने बांधू दिली. ड्रायव्हरच्या कप्प्यात एक पेचकस होता तोही आत्याने काढायला लावला.

पिपरीचे दिवे मागे पडले, कॉलेजचे फाटक गेले. रस्त्याला वर्दळ नव्हती. वेध असल्यामुळे धाबे लवकर मिटलेले. दोन्ही अंगाला कपाशी, मध्ये तुरीच्या ओळी, कुठे सोयाबीन. पावसाळी हवेत ओल्या मातीचा आणि पऱ्हाटीचा वास. ९ वाजून ५७ मिनिटांनी स्पर्श होता. आंजी येईपर्यंत उजव्या खिडकीतल्या चंद्राच्या कडेला काजळी धरल्यासारखी दिसू लागली. आत्या खिडकीकडे पाठ करून बसली होती. कुणी तिला पाहा म्हटले नाही.

पांदणीला गाडी उभी केली तर अंधारातून बॅटरीचा झोत आला आणि आवाज आला, "कोन हाय?" शेजारच्या वावरातला जागल्या होता. रानडुकरे कपाशी-सोयाबीन लोळवून टाकतात, म्हणून रोज रात्री माळ्यावर बसतो. आम्ही ग्रहण पाहायला आलो हे ऐकून तो हसला. "तुम्ही पाहा बाप्पा मजेनं. आमचं मरन आहे. पुनवेले उजेड असते, डुक्कर दबून राह्यते. आज तं पुनवेतच अमुशा आली." त्याच्याजवळ रिकामा तेलाचा डबा आणि काठी होती. तो डबा घेऊन परत माळ्यावर चढला.

पृथ्वीची सावली चंद्रावर चढताना तिची कडा गोल दिसते. ही कडा आपल्याच पृथ्वीची, म्हणजे तिच्यात आपले उसाचे फडही आले! आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्येच लिहून ठेवले, की चंद्रग्रहण पृथ्वीच्या सावलीमुळे होते. १५२० साली कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'ग्रहलाघव' लिहिले आणि त्यावरून आपल्या गावोगावच्या जोशांनी पिढ्यान्‌पिढ्या ग्रहणाच्या वेळा काढल्या. वेळ बरोबर काढायची आणि राहू गिळतो असेही सांगायचे, हे दोन्ही एकाच पंचांगात सुखाने नांदले. आपल्या देशाची ही रीत मला कधी उलगडलेली नाही.

अकरा वाजून एक मिनिटाने शेवटची चकती गेली आणि जो अंधार पडला तो मी लिहून सांगू शकत नाही. इतका वेळ तुरीची पाने मोजता येत होती, ती एकदम नाहीशी झाली. तारे बाहेर आले. पश्चिमेकडे आकाशगंगेचा पट्टा उमटला. चंद्राच्या पूर्वेला थोडे खाली एक शांत तारा होता, तो शनी, असे नातसुनेने दाखवले. आणि चंद्र! तो नाहीसा झालाच नाही. काकवीच्या रंगाचा, कढईत फुगत आलेल्या पाकासारखा लालसर गोळा वर तरंगत राहिला. सूर्याचा उजेड पृथ्वीच्या हवेतून वाकून तिथवर पोचतो. हवेत निळा विखुरतो आणि तांबडा तेवढा पुढे जातो. त्या क्षणी जगात जिथे जिथे सूर्य उगवत वा मावळत होता, त्या सगळ्या ठिकाणची लाली चंद्रावर पडलेली असते. हवेत धूळ फार असेल तर तो जवळजवळ काळाही पडतो. फिलिपाईन्समधला पिनातुबो ज्वालामुखी १९९१ ला फुटला, त्याच्या राखेमुळे १९९२ च्या डिसेंबरातले ग्रहण फार काळपट झाले होते.

मी हे सांगत होतो तेव्हा आत्या गाडीतून उतरून माझ्यामागे येऊन उभी होती. नव्या डोळ्याने वर पाहत होती. किती वेळ पाहत होती, ठाऊक नाही.

"येवढंच?" ती म्हणाली.

"येवढंच, आत्या."

"मी काई पाह्यलं नोतं त्या रातीले. लोक म्हनत पाह्यलं. मी वर मान केलीच नाई. मी तं वासराकडं पाहत होतो."

मग तिने जे सांगितले ते भावानेही तेव्हाच प्रथम ऐकले. गाय व्याली ती दाव्याचा वेढा पायांत घेऊन. वासरू बाहेर पडले ते त्या दाव्यात, गळ्याभोवती पीळ. गाय उठू पाहे तसा पीळ आवळत चाललेला. घरात दुसरे कोणी धडधाकट नाही, कंदील हातात. तिने विळा घेतला आणि दावे कापले. तेवढेच कापले.

"कालवड होती. लय दुधाची निंघाली. नऊ वेतं झाली तिची." थोडे थांबून ती म्हणाली, "एक गोष्ट मले तवाच सुचली होती. गाय बी तं गाभनच होती ना? आन् गिरानात ते बाहेरच बांधली होती. तिले तं गेरूबी लावला नोता कोनं. तिच्या वासराच्या ओठाले काई झालं नाई. मंग माह्याच पोराले काऊन होईन? पन बोलू कोनासंग? सासू म्हने, सारेच म्हने. माह्या मायनंबी तेच म्हनलं."

तिकडे माळ्यावरून डबा बडवल्याचा आवाज सुरू झाला. डुकरे शिरली असावीत. जागल्या ओरडत होता, आणि शेताच्या दुसऱ्या टोकाकडून दुसरा कोणी ओरडून त्याला साथ देत होता. आत्याचा नातू बॅटरी घेऊन तिकडे धावला. भाऊ मात्र जागचा हलला नाही. आईच्या शेजारी उभा राहून तो म्हणाला, "मले कदी सांगतलं नाई आई तू, का दावं कापलं म्हून."

"तू इचारलं कदी?"

त्यावर तो मिशीवरून हात फिरवत राहिला.

११ वाजून ४२ मिनिटांनी मध्य झाला. १२ वाजून २३ मिनिटांनी चंद्राच्या कडेला उजेडाचा ठिपका फुटला आणि पाहता पाहता कपाशीची बोंडे दिसू लागली. जागल्या घामाघूम होऊन आला. दोन ओळी लोळवल्या म्हणाला, पण सोयाबीन वाचले. आमच्या थर्मासमधला चहा त्याला दिला. ग्रहणात चहा घ्यायचा का, असे त्याने आत्यालाच विचारले. आत्या म्हणाली, "जागलीवरच्या मानसाले कोनतं आलं गिरान? पे." स्वतः मात्र तिने घेतला नाही.

परतताना नातसून म्हणाली, की पुढचे चांगले खग्रास ग्रहण आपल्याकडे २०२८ च्या ३१ डिसेंबरला रात्री पावणेदहा ते अकरा या वेळात दिसेल. आपला गाळप हंगाम तेव्हा ऐन भरात असेल. गव्हाणीजवळ गाड्यांच्या रांगेत उभ्या असलेल्या मंडळींना ते फुकटात पाहायला मिळेल. पण या वेलावरचे, या घराण्याचे, पिपरीच्या आभाळात पुन्हा यायचे ते १० ऑक्टोबर २०७९ च्या रात्री. आत्याने बोटांवर काहीतरी मोजले. "तवा हे पोट्टं त्रेपन्न वर्साचं असंन. याच्याच येवढं," ती म्हणाली आणि पुढे गाडी चालवणाऱ्या भावाच्या पाठीवर तिने थाप मारली.

घरी पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. ग्रहण सुटले होते. आता झोपू, असे सगळ्यांच्या मनात होते, पण आत्याने बंब पेटवायला सांगितला. आंघोळ केल्याशिवाय कुणी घरात पाऊल टाकायचे नाही. नातसून माझ्याकडे पाहून हसली आणि मुकाट्याने टॉवेल आणायला गेली. भाऊ म्हणाला, "आई, आता तं तुले सारं समजलं ना? मंग आंघोय कायले?"

"समजलं ते समजलं," आत्या म्हणाली. "तू तं पह्यले जाय."